जेवूनच जावा

आमच्या गल्लीत कुशनवाल्या आप्पांच्या दारावरून उपाशी पोटी पुढे जाणं मोठं अवघड काम होतं. विजेचा मीटर बघायला आलेला असो, पत्ता चुकलेला असो, की दुसऱ्याच कुणाकडे निघालेला पाहुणा असो, आप्पा शिलाई मशीनवरून मान वर करून ओरडायचे, "ओ पावणं, जेवूनच जावा की!" आवाज असा की मंगळवार पेठेतल्या पुढच्या चौकातला माणूसही थबकावा. मी समोरच्या घरात भाड्यानं राहायला आले, तेव्हा माझं सामान उतरायच्या आत त्यांनी टेम्पोवाल्याला पाटावर बसवलं होतं. मी पलंगाशेजारी भर रस्त्यात उभी आणि हा आत रस्सा भुरकतोय! मी तावातावानं आत गेले, तर आप्पांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, माझंही ताट वाढलेलं.

रिक्षांचे हूड आणि मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवणं हा त्यांचा धंदा. खाली दुकान, मागे स्वयंपाकघर आणि वर बँकेचं कर्ज काढून बांधलेल्या दोन खोल्या. मूलबाळ नव्हतं, मग खोल्या कशाला, असं मी एकदा विचारलं. "आणि पावणं आलं तर त्येनी झोपायचं कुठं, बाई?" मी शाळेत शिकवते म्हणून मला ते बाई म्हणत.

माणूस पारखायची त्यांची एकच रीत होती. आपल्या घरी पोटभर जेवला तो आपला, नको म्हणाला तो परका. "जेवताना मानसाला खोटं बोलता येत न्हाय, बाई. तोंडात घास असतोय की!" या रीतीवर त्यांनी गल्लीभर उधारी दिली, आणि नवल म्हणजे बहुतेकांनी ती फेडलीही. त्यामुळे आप्पांना समजावणं कठीणच झालं.

पुढे स्कूटर घसरली आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. मशीन बंद पडलं, घराचे हप्ते थकले. तेव्हा बँकेतून एक तरुण मॅडम आल्या. मीही तिथेच होते. फार सरळ बोलल्या बिचाऱ्या. "हप्ता कमी करून मुदत वाढवता येते का ते बघू. दवाखान्याचे कागद घेऊन तुम्ही स्वतः शाखेत या. मध्ये कुणाला पैसे द्यायची गरज नाही. फक्त उशीर करू नका." काकूंनी चहा पुढे केला होता. गिऱ्हाइकाच्या घरी काही घ्यायचं नाही असा आमचा नियम आहे, असं म्हणून त्यांनी कप हळूच मागे सरकवला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

त्या गेल्यावर आप्पा साय धरलेल्या त्या कपाकडे बघत बसले. "जिनं माझ्या घरचं पानी घेतलं न्हाय, तिच्या दारात मी हात पसरायला जाऊ व्हय?" मी म्हटलं, अहो, नोकरीचा नियम असतो तो. "पान्याला कसला आलाय नियम?" ते म्हणाले आणि आत निघून गेले. शाखा आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती.

थोड्याच दिवसांत दुसरा एक माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाईल. तुमच्यासारख्यांची घरं जप्तीतून सोडवणं हेच माझं काम, म्हणाला. आप्पांनी सवयीनं हाक दिली आणि तो लगेच हात धुऊन बसला. पांढरा रस्सा मागून घेतला, काकूंच्या हाताची चव वाखाणली, आणि जेवण झाल्यावर आप्पांकडून डाव्या हातानं सह्या करून घेतल्या. बँकेशी आता चकार शब्द बोलायचा नाही, फोन उचलायचा नाही, आलेली पत्रं न फोडता माझ्याकडे द्यायची आणि जमेल तेवढा हप्ता माझ्याच खात्यात भरायचा, असं त्यानं बजावलं. त्याच्या फीसाठी काकूंच्या पाटल्या गेल्या.

दुकानातला फोन वाजत राहायचा. पलीकडे त्या बँकेतल्या मॅडमच असणार. एकदा न राहवून मी फोन उचलायला हात पुढे केला, तर आप्पा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "बाई, त्यो माझ्या ताटाला ताट लावून जेवलाय!" काकू दाराआड उभ्या होत्या. त्यांची रिकामी मनगटं मला दिसत होती.

मग एक दिवस त्या माणसाचा फोन लागेना. तो पुन्हा कधीच लागला नाही.

पोलीस ठाण्यात मी त्यांच्याबरोबर गेले. हवालदारानं वर्णन विचारलं. उंची? रंग? काही खूण? आप्पा आठवून आठवून म्हणाले, "दोन भाकऱ्या खातोय. पांढरा रस्सा जरा जास्त लागतोय. कांद्याला हात लावत न्हाय." हवालदारानं पेन खाली ठेवलं. हसला नाही तो, एवढे मी त्याचे उपकार मानते. मला मात्र तिथल्या बाकावर रडू आवरलं नाही.

घराचा ताबा घ्यायला बँकेची माणसं आली, त्यांत त्या मॅडमही होत्या. "आप्पा, किती फोन केले हो मी," एवढंच त्या म्हणाल्या. भांडीकुंडी, मशीन, सगळं टेम्पोत चढलं होतं. शेगडी तेवढी राहिली होती. आप्पांनी त्या शेगडीवर चहा ठेवला आणि वाकड्या हातानं कप त्यांच्यापुढे धरला. या वेळी त्यांनी तो घेतला. उभ्या उभ्या, मान खाली घालून, सगळा प्याल्या. आप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. "पैल्यांदाच घेतला असतासा तर, लेकी..." ते म्हणाले. मला अजूनही त्या दोघांपैकी कुणाचाच राग येत नाही. राग येतो तो त्या भरल्या पोटाच्या माणसाचा, आणि तो कुठे असेल तिथे कुणाच्या तरी ताटावर बसलेलाच असणार.

आप्पा आणि काकू कोडोलीला काकूंच्या भावाकडे राहायला गेले. दिवाळीनंतर मी भेटायला गेले. पडवीत त्यांना एक कॉट दिली होती. माणसं वाईट नव्हती, चहा मिळाला. आम्ही गल्लीतल्या सगळ्यांबद्दल बोललो. एव्हाना जेवणाची वेळ झाली होती आणि आत भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता.

मी उठले. आप्पा मला फाटकापर्यंत सोडायला आले. त्यांनी सवयीनं मान वर केली, तोंड उघडलं, आणि मग एकदा वळून त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"सावकाश जावा, बाई," ते हळूच म्हणाले.