अजून एक यायचाय

तेराव्याचं गोड जेवण झालं, पाहुणे आपापल्या गाड्यांनी निघून गेले, तरी माझ्या अक्कानं दारातली सतरंजी उचलू दिली नाही. मी एक टोक धरून घडी घालायला लागलो होतो. ती आतून आली आणि म्हणाली, "राहू दे. अजून एक यायचाय."

मला वाटलं, कुणी लांबचा नातेवाईक राहिला असेल. सिल्लोडकडची आमची भाऊबंदकी मोठी, त्यात एखादा रुसून बसलेला असतोच. "कोण राहिलं?" असं विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "ज्यानं तुझ्या दाजीला उडवलं, तो."

अक्का माझ्याहून बरीच मोठी. तिनं मला कडेवर घेऊन वाढवलंय, त्यामुळे तिच्यापुढे माझा आवाज अजूनही चढत नाही. मी टोक खाली ठेवलं आणि तिथंच बसलो.

दाजी चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. बायपासजवळच्या घरून पैठण रोडनं रोज स्कूटरवर जाणं-येणं. पिवळा दिवा दिसला की थांबणारा आणि त्यापायी मागच्यांच्या शिव्या खाणारा हा माणूस. त्या संध्याकाळी घरी येताना मागून भरधाव आलेल्या मोठ्या पांढऱ्या गाडीनं त्यांना उडवलं. समोरच्या चहाच्या टपरीवरच्या लोकांनी गाडी चालवणारा पोरगा खाली उतरताना पाहिला. विशी-बाविशीचा, चांगल्या कपड्यांतला, डोकं धरून रस्त्याच्या कडेला बसलेला. ठाण्यात मात्र हजर झाला तो पन्नाशीचा, पांढरी टोपी घातलेला ड्रायव्हर. गाडी मीच चालवत होतो, असा जबाब त्यानं दिला.

पोरगा कुणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. जमीनजुमला, पेट्रोल पंप, दोन मंगल कार्यालयं. वर आमच्याच नात्यागोत्यातले.

मी चिडका माणूस आहे. अन्याय दिसला की माझं तोंड सुटतं, आणि तो दुसऱ्याच्या देशातला असला तर जरा जास्तच सुटतं. हे मला आता कळलंय. कंपनीनं मला बरीच वर्षं थायलंडला ठेवलं होतं. तिथल्या कारखान्याच्या फाटकासमोर एका बाईचा भात आणि रश्श्याचा ठेला होता. वर पत्रा, खाली प्लास्टिकची चार टेबलं. तिथं वयानं मोठ्या बाईला 'पा' म्हणतात, आपल्या मावशीसारखं. आम्हीही तिला 'पा' असंच म्हणायचो. रविवारी दुपारी तिच्याकडे आम्हा परदेशी लोकांची बैठक बसायची. नोकरी संपवून तिथंच राहिलेला एक गोरा म्हातारा, फिलिपिन्सची एक शिक्षिका, हिशेब बघणारा एक बंगाली आणि मी.

आमचा विषय ठरलेला असायचा. या देशात न्याय कसा नाही! उद्यानाच्या फाटकावर त्यांना एक दर आणि आपल्याला दुसरा. गाडीला गाडी घासली तर चूक परदेशी माणसाचीच. मोठ्या घरच्या पोरानं काही केलं की पोलिसांना ऐकू येत नाही, आणि रस्त्यावर फळं विकणारी बाई मात्र त्यांना लगेच दिसते. गोरा म्हणायचा, इथं आधी आडनाव बघतात आणि मग कायदा काढतात. बंगाली म्हणायचा, यांना लहानपणापासून मोठ्यापुढे वाकायलाच शिकवलंय, तर जाब कोण विचारणार? शिक्षिका एकटीच म्हणायची की आपण इथं पाहुणे आहोत, जरा जपून बोला. आणि मी शेवटी हमखास सांगायचो, "आमच्याकडे असं चालत नाही." हे ऐकून गोऱ्याला भारताबद्दल आदर वाटायचा. बंगाली मात्र खाली मान घालून रस्सा प्यायचा.

पा-ला एकच मुलगी होती. जवळच्याच एका कारखान्यात पॅकिंगला जायची. एका सकाळी कामावर जाताना तिला गाडीनं उडवलं आणि ती जागच्या जागी गेली. गाडी एका मोठ्या ठेकेदाराच्या मुलाची, तोच चालवत होता.

आम्ही चौघं विहारात अंत्यविधीला गेलो. लोक रांगेनं जाऊन लाकडाच्या पातळ पापुद्र्यांची पांढरी फुलं शवपेटीजवळ ठेवत होते. तेवढ्यात तो मुलगा आला. सोबत आई-बाप. सगळे बाजूला झाले. तो गुडघ्यांवर बसला, पा-च्या पायांशी हात जोडले आणि त्या हातांवर कपाळ टेकवून किती तरी वेळ तसाच राहिला. पा त्याच्याकडे बघत होती. तिनं त्याला उठवलं नाही आणि हाकललंही नाही. पुढे त्यानं डोकं भादरून घेतलं, भगवी वस्त्रं घातली आणि काही दिवस विहारात राहिला. ते पुण्य त्या मुलीला मिळावं म्हणून. मग कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला, पश्चात्ताप दिसतो असं न्यायाधीश म्हणाले, शिक्षा झाली आणि तिथल्या तिथं स्थगितही झाली. तो घरी गेला.

आमच्या बैठकीला वर्षभराचा विषय मिळाला. केस कापले की खून माफ, असं मीच म्हणालो होतो. सगळं नाटक आहे, वकिलानं शिकवलेलं. त्यात पुष्कळसं खरंही असणार. पा टेबल पुसत होती. आमचं इंग्रजी तिला कळत नाही असा आमचा समज होता. ती माझ्याजवळ थांबली आणि मला कळेल अशा सावकाश थाईत तिनं विचारलं, "तुमच्याकडे काय करतात?"

मी म्हणालो, "आमच्याकडे असा माणूस तुरुंगात जातो."

"मग तो आईसमोर येत नाही?"

"कशाला येईल? शिक्षा भोगतो ना."

"येतच नाही?" तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, नाही. तिच्या तोंडावर जे दिसलं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. ती माझी कीव करत होती, असं आता वाटतं.

हा सगळा किस्सा मी त्या वेळी फोनवर अक्काला तिखटमीठ लावून सांगितला होता. ती एवढंच म्हणाली होती, "आला तरी बिचारा." मी तिच्यावरही चिडलो होतो.

आणि आता ती दारात सतरंजी पसरून बसली होती.

मला वाटलं, एवढी एक गोष्ट तर आपण करू शकतो. टपरीवाल्याकडे मी आधीच जाऊन आलो होतो. ज्यानं सगळ्यांना सांगितलं होतं तोच आता म्हणत होता, "धूळ लई होती साहेब, नीट दिसलं नाय." केस कुठं जाणार हे कळायला वकील लागत नव्हता. पण येणं? दारात येऊन दोन मिनिटं बसणं? त्याला कोण अडवणार? आमच्यात एक वडीलधारे काका आहेत, दोन्ही घरी त्यांची ऊठबस. मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, केसचं काय व्हायचं ते होवो. पोराला फक्त एकदा अक्कासमोर आणा.

काका आठवड्यानं स्वतः आले. सतरंजीवर बसले, पाणी प्यायले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगं तयार हाय रे. रडतं म्हणं रोज. पण त्यांचा वकील नाय म्हणतो. दारात आला म्हंजी कबुली झाली. उद्या कोर्टात तुम्हीच म्हणाल, चालवत नव्हता तर आला कशाला?"

"आम्ही नाही म्हणणार काका. मी लिहून देतो."

"तुझ्या लिहिण्याला काय करायचं त्यांनी? आन आता किती ताणायचं? आपलीच माणसं हायेत. उद्या सोयरिकीत आडवं यायचं."

मी एवढा तोंडाळ, पण काकांपुढे फक्त मान डोलावली. मोठ्यापुढे वाकायला मलाही लहानपणीच शिकवलं होतं. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो आणि दारही उघडून दिलं.

पुढच्या महिन्यात माझ्या भाच्यानं मला फोनवर एक फोटो दाखवला. ते सगळं कुटुंब वेरूळच्या देवळाबाहेर उभं होतं, कपाळाला गंध, मध्ये तो पोरगा. पोराची साडेसाती जावी म्हणून अभिषेक घातला होता. पोरगा खरंच वाळला होता, डोळे खोल गेले होते. मला त्याचा राग यायला हवा होता. आला तो असा की एवढं वेरूळपर्यंत गेलास, येताना वाटेत आमचं घर नव्हतं का रे?

अक्काला फोटो दाखवायचा नाही असं आम्ही ठरवलं. तिला तो शेजारणीनं दाखवला. तिनं चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाली, "आई हाय त्याला. बरं हाय." मग रोजच्यासारखी सतरंजी झटकली आणि परत पसरली. शेजारीपाजारी आता कुजबुजायला लागले होते. महिना उलटून गेला तरी दारात दुखवटा, हे बरं नव्हे, घराला लागतं वगैरे. अक्कानं कुणाचं मनावर घेतलं नाही. सगळ्यांना तेच सांगितलं, अजून एक यायचाय.

थायलंडच्या त्या जुन्या बैठकीचा फोनवर अजून ग्रुप आहे. त्याच सुमारास गोऱ्यानं तिथल्या कुठल्या तरी नव्या प्रकरणाची बातमी टाकली आणि खाली लिहिलं, हे फक्त इथंच होऊ शकतं. मी उत्तर लिहायला घेतलं. चार ओळी लिहिल्या, पुसल्या. बंगाल्याला तेवढा वेगळा फोन केला आणि त्याला सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, मला हे तेव्हाही माहीत होतं, पण तू इतक्या अभिमानानं बोलायचास.

मग एका सकाळी फाटक वाजलं. मी तेव्हा तिथंच होतो. बाहेर पांढऱ्या टोपीतला माणूस उभा होता आणि त्याच्या मागं डोईवरचा पदर दातात धरलेली बाई. त्यानं चपला रस्त्यावरच काढल्या आणि आत येऊन सतरंजीच्या अगदी कडेला, अर्धा फरशीवर, असा बसला. मी त्याला ओळखलं. जामिनावर सुटलेला तो ड्रायव्हर होता.

किती तरी दिवस मी त्या पोराला काय बोलायचं याची उजळणी करत होतो. त्यातलं एकही वाक्य याच्यासाठी नव्हतं. अक्का बाहेर आली आणि त्याच्यासमोर बसली.

त्यानं हात जोडले. "बाई, मला माफ करा," एवढं बोलून तो रडायलाच लागला.

अक्कानं त्याला रडू दिलं. मग विचारलं, "गाडी तू चालवत व्हतास?"

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. बायकोनं मान खाली घातली.

"नाय," तो म्हणाला. "मी त्या दिवशी सुट्टीवर, गावाकडं वस्तीवरच व्हतो, मेंढरांपाशी. मालकानं बोलावून घेतलं."

"मग माफी कशाची मागतो?"

"माझ्या नावावर हाय ना, बाई. आता जल्मभर तुमचा माणूस माझ्याच नावावर राहणार. रातच्याला झोप नाय लागत. हिनं म्हटलं, एकदा जाऊन या." मग तो घाईनं म्हणाला, "पण हे कुठं बोलू नका. लेकरं त्यांच्याच चाळीत राहत्यात."

मला काय वाटलं ते मी स्पष्ट सांगतो. मला त्याला मारावंसं वाटलं आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. अक्का उठली आणि आत जाऊन चहा करून घेऊन आली, दोघांनाही कपबशीत. त्याची बायको कप विसळायला उठली तर तिला बसवलं. जाताना त्यानं पुन्हा हात जोडले. अक्का म्हणाली, "तुझ्या नावावर काय नाय. जा, झोपत जा."

ते दोघं कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती फाटकाशी उभी होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "धर. घडी घालू."

"अक्का, तो अजून..."

"नाय यायचा आता. त्यांनी धाडायचा तो माणूस कवाच ठाण्यात धाडलाय."

आम्ही दोन्हीकडून सतरंजी उचलली. खालची फरशी तेवढी स्वच्छ होती, कडेनं धुळीची रेघ. अर्धी घडी झाल्यावर अक्का टोक हातात धरून थांबली.

"ती तुझी तिकडची भातवाली," ती म्हणाली. "तिच्याकडं खरंच तोच आला व्हता ना रे? ज्यानं मारलं तोच?"

"हो. तोच."

"मग नशीबवान म्हणायची ती," अक्का म्हणाली, आणि तिच्याकडचं टोक तिनं माझ्या हातात दिलं.