सुनंदाच्या कार्डाची चौकशी

हे मी कुणापाशीच बोललेले नाही. ह्यांच्यापाशी नाही, माहेरी नाही, लिंगपूजेला बसल्यावर मनातल्या मनातही नाही. मला बोलायचंच जमत नाही, असं सगळे म्हणतात — पण ते खरं कारण नव्हे.

सुनंदा माझी नणंद. माझं लग्न झालं तेव्हा ती शाळकरी पोर होती आणि सासूबाई नव्हत्या. तिच्या वेण्या घातल्या, उवा काढल्या, ते मी. माझी शाळा चौथीपर्यंतच. ती शिकत गेली आणि पुण्यात कंपनीत लागली. चकलांब्यात आमचं किराणा दुकान. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे तिचं कौतुक सांगायचे.

एका दिवाळीला ती दोन बँकांचे रंगीत कागद घेऊन आली. मी करंज्या भरत होते, ती शेजारी बसली. आधी खर्च करायचा, पैसे नंतर भरायचे — असलं कार्ड. एकाला फी नव्हती, पेट्रोलवर सूट होती. दुसऱ्याला फी होती, पण खर्चाचे पॉइंट साठायचे आणि त्यातून विमानाचं तिकीट मिळायचं.

"पेट्रोलची सूट घेऊन काय करू वैनी, मला कुठं गाडी हाय?" कंपनीच्या कामाला तिला सारखं दिल्लीला जावं लागे, राहण्याचं बिल आधी स्वतः भरावं लागे. "सांग, कोणतं घेऊ?"

मला असं कुणी कधी विचारलं होतं? आणि मला सगळं कळलं होतं. हे इथेच लिहिते, कारण पुढे मी उलटं सांगितलं. मी म्हणाले, विमानाचं घे.

"मग पहिलं तिकीट दादाला," ती म्हणाली.

दादाला. मी करंजीची कड दाबत राहिले. भाऊच तो तिचा — त्यात रागवावं असं काय होतं? तरी दळण निवडताना, भांडी घासताना तेच. एवढी वर्षं तिचं डोकं माझ्या मांडीवर, आणि तिकीट दादाला. हे कारण म्हणून सांगत नाही. असंच होतं, म्हणून सांगते.

त्या कार्डाच्या अर्जावर कायमचा पत्ता तिनं घरचा दिला होता. पुढच्या महिन्यात एक माणूस दारात आला. हे मालाला बीडला गेलेले. बँकेकडून आलोय, कार्डासाठी, असं त्यानं स्वच्छ सांगितलं. सुनंदाताई इथल्याच ना? नोकरी पक्की आहे ना?

परक्या पुरुषाशी मी कधी दोन शब्द बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "ती इथं राहत न्हाई. नोकरी बी सोडली म्हनं."

कार्ड मिळालं नाही. सुनंदानं बँकेत खोदून विचारलं, घरच्यांनीच असं सांगितल्याचं तिला कळलं, आणि तिचा फोन आला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी दुसरं खोटं बोलले. आमच्याकडे सोयरिकीआधी परका माणूस येऊन मुलीची चौकशी करून जातो, आणि सुनंदा तेव्हा एकेक स्थळ नाकारत होती. मी म्हणाले, मला वाटलं स्थळाकडचा कुणी आलाय.

हे हसत सुटले. "पोरीला नवरा नको, म्हणून हिनं बँकेलाच हाकललं." सुनंदा फोनवर म्हणाली, "जाऊ दे वैनी, तुला काय माहीत."

सगळं माहीत होतं मला. पण अडाणी बाईवर कोण संशय घेतो? त्या अडाणीपणाच्या आड मी तेव्हा बसले ती बसलेच. घरात लग्नकार्य निघालं की ही गोष्ट निघते, सुनंदाच आता रंगवून सांगते, आणि मी तोंडाला पदर लावून हसते. पुढं तिनं कुठल्याच कागदावर आमचा पत्ता दिला नाही, मैत्रिणीचा दिला. ते कुणी सांगत नाही.

आणखी एक राहिलं. तो माणूस फाटकापर्यंत जाऊन परत आला होता. "ताई, नीट आठवून सांगा. त्यांचं काम अडेल," म्हणाला. चांगला होता बिचारा. मी दाराआडून बाहेर आले, त्याच्याकडे बघून म्हणाले, "व्हय, सोडली नोकरी."