अर्ध्या कोयत्याची जागा

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी आमच्या शिरूर कासारला एक वसतिगृह चालतं. कोणत्या मुलाला जागा द्यायची हे ठरवणारा प्रोग्राम माझ्या एका मित्राने लिहिला आणि तो पुण्याला नोकरीला लागल्यावर ते लचांड माझ्या गळ्यात पडलं. फायली ढीगभर, समजावून सांगणारी ओळ एकही नाही. मी त्याला रोज मनातल्या मनात शिव्या घालायचो.

दसरा झाला, टोळ्या निघायच्या तयारीला लागल्या, आणि शेजारच्या वहिनी दारात आल्या. नवरा वारल्यावर यंदा पहिल्यांदाच त्या भावाच्या टोळीबरोबर एकट्या जाणार होत्या. "भावजी, समद्यांच्या पोरांना जागा मिळाली. माज्याच पोरीला कावून न्हाई? तिला फडात न्यायची म्हंजी शाळा सुटली बगा."

मी एआय सहायकाला कामाला लावलं. त्याने दोन-चार फायली चाळल्या आणि भलतीच दुरुस्ती सुचवली, तीही छातीठोकपणे. असा राग आला! मग कोड इंडेक्स करणारं एक साधन त्याला जोडून पाहिलं. ते आधी सगळा कोड पालथा घालतं आणि कोणतं काम कुठे लिहिलंय, ते कुठून कुठून वापरलं जातं, याचा नकाशा तयार ठेवतं. आता गडी अंदाज ठोकेना. वसतिगृहाच्या जागेपासून मागे जात तो पालकांच्या माहितीपर्यंत, तिथून टोळीच्या मोजणीपर्यंत पोचला. मला आता उठवेना.

टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. मित्राने तसंच लिहिलं होतं. पण पुढच्या एका फायलीत अपूर्णांक सोडून फक्त पूर्ण आकडा घेतला जात होता, म्हणजे अर्ध्याचं शून्य. वहिनींच्या घरातून तोडीला कोणी जातच नाही, असं प्रोग्रामला वाटत होतं. सहायकाने विचारलं, 'जागा देताना अर्धा कोयता पूर्ण धरायचा का?' याचं उत्तर त्या नकाशात नव्हतं.

मी म्हटलं, धर. पोरीला जागा मिळाली.

वहिनींना जाऊन सगळं सांगितलं.

"मालक गेलं आन् टोळीत अर्धीच धरली मला," त्या म्हणाल्या. "तुमच्या मशीनमधी तरी आख्खी हाय म्हना."