निंबखेड्याचा फलाट

दुपारचे दोन वाजलेत. वीज गेली आहे, पंखा थांबलाय, आणि वामनराव भंगाळे मागच्या खोलीत आरामखुर्चीत पडले आहेत, ना धड जागे, ना धड झोपलेले. पोटात दोन वाट्या आमरस गेलेला आहे. भुसावळच्या मे महिन्यात आमरस खाऊन जागा राहिलेला माणूस अजून जन्माला यायचाय, पण वामनराव प्रयत्न करताहेत, कारण त्यांच्या उजव्या हातात बारीक दातांची करवत आहे आणि पाच वाजायच्या आत तिने काय कापायचं ते ठरायचं आहे.

समोर टेबल आहे, आठ फूट बाय चार फूट. त्यावर निंबखेडे स्टेशन आहे. छोट्या लाईनीवरचं हे स्टेशन खऱ्या जगात केव्हाच मोडलं. रूळ उखडले, कौलं गावकऱ्यांनी नेली. टेबलावर मात्र ते जसंच्या तसं उभं आहे, एका फुटाला साडेतीन मिलिमीटर या हिशोबाने. वामनराव बांधकाम खात्यात नकाशे काढून निवृत्त झाले, तेव्हा इमारती, फलाट, पाण्याची टाकी हे त्यांचं काम. गाडी आणि डबे त्यांच्या मित्राचं, सुकदेव सपकाळेचं. सुकदेव रेल्वेच्या कारखान्यात डब्यांचा फिटर होता. दोघांनी तीस वर्षं या खोलीत रविवार घालवले. वामनरावांच्या बायकोने, कुसुमबाईंनी, खोलीचं नाव 'पाळणाघर' ठेवलं होतं.

सुकदेवचा शेवटचा डबा आत्ता फलाटाच्या मधोमध अडकून उभा आहे. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेले दोन विलायती खेळण्यातले डबे कापून, जोडून, त्याने हा एक लांब डबा केला. भिंती लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या, खालचे आडवे गज छत्रीच्या काड्यांचे, दिवे टिचबटणांचे. बंद होण्याआधी काही वर्षं छोट्या लाईनीवर असा एक लांब डबा खरोखर आला होता. तो सुकदेवच्या हातूनच कारखान्याबाहेर पडला होता, म्हणून त्याचा त्यावर जीव.

अडचण अशी की निंबखेडे स्टेशन वळणावर आहे. लांब डबा वळणावर आला की त्याचं पोट आतल्या बाजूला येतं आणि खालची पायरी फलाटाला घासते. घासली की चाक रुळावरून उतरतं.

यावरून दोघं भांडले. वामनराव म्हणाले, डब्याची एक खिडकी काप, तेवढा आखूड होईल. सुकदेव म्हणाला, खरा डबा खऱ्या फलाटाजवळून जात व्हता ना, मंग तुह्या फलाटातच खोट हाये. वामनरावांचा फलाट म्हणजे दगडावरची रेघ. लाईन बंद झाली त्या आठवड्यात त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून टेप लावून तो मोजला होता. त्यांनी तसं दोनतीनदा सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. तेव्हा सुकदेव उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "कापायचाच असंन, भंगाळेसाहेब, तं मी मेल्यावर काप."

तीन आठवड्यांनी तो झोपेतच गेला. दोघांची घरं चार गल्ल्यांच्या अंतरावर. त्या तीन आठवड्यांत कोणी कोणाकडे गेलं नाही.

आता वर्ष झालं. परवा सुकदेवच्या बायकोचा फोन आला. वच्छलावहिनी तीस वर्षांत या खोलीत एकदाही आल्या नव्हत्या. म्हणाल्या, "भाऊजी, त्यांचा तो डबा चालताना पाह्यचा व्हता मले. रविवारी पाचले येऊ का?" वामनराव या म्हणाले. नाही कसं म्हणणार?

डबा कापायला तर मेलेल्या माणसाची परवानगी आहे. पण ती अशी मिळालेली, की वर्षभर करवत उचलवली नाही. वामनरावांना फलाट कापायचा नाही, कारण फलाट बरोबर आहे. डबा कापायचा नाही, कारण सुकदेव रागात गेला. करवत हातात धरून ते डोळे मिटतात, एवढ्यासाठीच, की जरा विचार करता यावा.

करवत हातात आहे. त्याच हातात आता पुठ्ठ्याचं छोटं तिकीट आहे आणि वामनराव फलाटावर उभे आहेत. ऊन भरपूर आहे पण भाजत नाही. कडुनिंब आहे. ते एक पान तोडून बघतात, तर ते भांडी घासायच्या स्पंजचं, हिरव्या रंगात बुडवलेलं. बुडवणारे ते स्वतःच होते. रंग जरा गडद झालाय, असं त्यांच्या मनात येतं.

बाकावर सुकदेव बसला आहे. बशीतून चहा पितो आहे. दाढी केलेली, शर्टाची वरची दोन बटणं उघडी.

"ये वामन," तो म्हणतो. "गाडीले टाइम हाये."

"किती?"

"आपली गाडी कधी टायमावर आली व्हती?"

वामनराव शेजारी बसतात. वर्षभर जे बोलायचं ठरवलेलं असतं ते तोंडाशी येतं आणि तिथेच अडतं. मग ते विचारतात, "चहात साखर किती टाकतात इथी?"

"भरपूर. इथी डॉक्टर नही." सुकदेव बशी पुढे करतो. "माह्ये पाने, पक्कड, कानशी... वच्छीनं भंगारात नही ना घातल्या?"

"माह्याजवळ हायेत. तेल लावून ठेवल्या."

"कोणतं तेल?"

"मशीनचं. खोबऱ्याचं नही."

सुकदेव मान डोलावतो. त्याला बरं वाटलेलं दिसतं, आणि त्याला बरं वाटलेलं पाहून वामनरावांनाही बरं वाटतं. चहा खरंच गोड आहे.

डब्यात बसायला जागा भरपूर आहे. दोघं समोरासमोर बसलेत आणि खिडकीबाहेर केळीचे मळे जाताहेत, पानं कागदाची, कडा कात्रीने कापलेल्या. वामनरावांची नजर आतल्या भिंतीवर जाते. तिथे लाल अक्षरांत छापलंय, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या'. अक्षरं उलटी आहेत, म्हणून ते मान वाकडी करून वाचतात. छताला गणपती आहे. दारावर 'कृपया आहेर आणू नये'.

"माह्या पोरीच्या लग्नाची पत्रिका कापली तू?"

"शंभर उरल्या व्हत्या तुह्या. मालेच फेकाले देल्या व्हत्या." सुकदेव बोटाने भिंतीवर टिचकी मारतो. "काय जाड कागद व्हता. आता असा नही भेटत. आता सारे मोबाईलवर आवतन देतात, त्याचा डबा कसा बनवाचा?"

वामनराव हसतात. हसता हसता बाहेर बघतात तर केळी संपल्या आहेत आणि गाडी सुकदेवच्या ओट्यासमोरून चालली आहे. ओट्यावर वच्छलावहिनी तांदूळ निवडताहेत. त्या मान वर करत नाहीत. ओटा जातो, पुन्हा येतो, पुन्हा जातो. टेबलावरची लाईन गोल आहे, त्याला कोण काय करणार?

"तू रागात गेला का?" वामनराव विचारतात. विचारून झाल्यावर त्यांना छाती मोकळी झाल्यासारखी वाटते, उत्तर काहीही येवो.

सुकदेव विचार करतो. तो जिवंत असतानाही प्रश्नाचं उत्तर विचार करून द्यायचा.

"पहिल्या दिवशी व्हतो," तो म्हणतो. "दुसऱ्या दिवशी वच्छी म्हणे, भाऊजींकडे नही जात? मी म्हटलं, त्यानं यावं. आठ दिवसांत तं भांडण काय व्हतं तेच सपलं. मंग नुसतं 'त्यानं यावं' तेवढंच राह्यलं."

"मी पण तेच म्हणत व्हतो. कुसुमले."

"मंग. दोघं सारखेच येडे."

"मी याले पाह्यजे व्हतं, सुकदेव."

"पाह्यजे व्हतं," सुकदेव म्हणतो, आणि त्यात दोष दिल्याचा सूर अजिबात नसतो. "मी पण."

ओटा पुन्हा येतो. आता वहिनी दिसत नाहीत, दोन पाट मांडलेले दिसतात. वामनराव डोळे पुसतात आणि कामाचं बोलतात, कारण रडण्यापेक्षा ते सोपं आहे.

"वहिनी आज पाचले येणार हायेत. डबा अडकतो. कापू का?"

"काप ना. मी मेलोच आता, अट पुरी झाली." सुकदेव मनापासून हसतो. "एक खिडकी गेली तं काय झालं? माले काही राग नही. ही इथली काढ, संडासाजवळची. तिच्यातून कोण पाह्यते?"

म्हणजे झालं. वर्षभर ज्यासाठी करवत उचलवत नव्हती, तो शब्द मिळाला, तोही हसत. वामनरावांनी आता सुखाने घरी जायला हरकत नाही. पण गाडी वळते आहे आणि समोर निंबखेडे येतं आहे. आता पायरी घासणार. ते बाक घट्ट धरतात आणि डोळे मिटून तो आवाज यायची वाट बघतात.

आवाज येत नाही. गाडी फलाटाला लागून थांबते.

वामनराव उतरतात, आणि गुडघे दुखत असले तरी खाली बसतात. डब्याची पायरी आणि फलाट यांच्यामधे हात जाईल एवढी जागा आहे. ते हात घालतात. फलाटाची कड सरळ नाही. मधले आठदहा दगड कडेला चार बोटं आत गेले आहेत. दगडांवर छिन्नीच्या घावांच्या रांगा आहेत, अंगठ्याला एक एक लागते. वरून काजळी आणि काळं तेल बसून घाव दिसेनासे झालेत. दिसत नाहीत, पण हाताला कळतात.

"हे कोणी ठोकलं?"

"पाथरवटांनीच ठोकलं असंन, आणखी कोण?" सुकदेवही शेजारी उकिडवा बसतो. "नवा डबा आला, पायरी घासू लागली, बसवले दोन माणसं छिन्नी घेऊन."

"तुले माहीत व्हतं?"

"माले कसं माहीत असंन? आम्ही डबा बनवून कारखान्याबाहेर ढकलला का आमचं काम सपलं. तो पुढं कुठी घासते, कुठी अडकते, कोणी सांगाले येते का? मी तं आत्ता पाह्यलं, तुह्यासंगं."

वामनराव हात तसाच ठेवून बसतात. त्यांना मोजणीचा तो दिवस आठवतो. ऊन फार होतं, पाणी संपलं होतं.

"मी टेप दोन्ही टोकांले लावला व्हता," ते म्हणतात.

"अन मधी?"

"मधी रेघ ओढली. घरी येऊन."

यावर सुकदेवने हसायला हवं होतं. चाळीस वर्षं नकाशे काढलेला माणूस, ज्या मापावरून मित्राशी भांडला ते माप त्याने मधल्या जागी घेतलंच नव्हतं. याहून जास्त हसण्यासारखं काय असतं? पण सुकदेव हसत नाही. तोही आपला हात आत घालतो आणि छिन्नीचे घाव चाचपतो, कारागिराने कारागिराचं काम बघावं तसा. दोघांचे हात कडेला लागून शेजारी शेजारी आहेत, दोन्ही मनगटापर्यंत काळे.

"चांगलं केलं बापा त्यांनी," सुकदेव म्हणतो. "डबा नही कापला."

मग तो उठतो, डब्यात चढतो, खिडकीपाशी बसतो. वामनरावांना ये म्हणत नाही. वामनरावही चढत नाहीत. गाडी हलते आणि तिचं वारं तोंडावर येतं.

वारं पंख्याचं आहे. वीज आली आहे. स्वयंपाकघरातून कुसुमबाई ओरडून सांगतात, "लाईट आली, उठा, साडेतीन झाले." करवत जमिनीवर पडलेली आहे. वामनराव खुर्चीतच बसून राहतात, कारण त्यांचा उजवा तळवा काळा आहे. नुसता मळलेला नव्हे. तेलकट, दाट काळा, आणि त्यात दगडाची बारीक कच आहे.

टेबलावर असं काळं काही नाही. रंगांच्या बाटल्या बंद आहेत.

कुसुमबाई चहा घेऊन येतात आणि हाताकडे बघतात. "हे काय भरवून घेतलं? धुवा आधी."

"धुतो," वामनराव म्हणतात आणि धूत नाहीत.

डाव्या हाताने ते सुकदेवची कानस घेतात. फलाट प्लास्टरचा आहे. तीस वर्षांत त्यांनी त्याला कधी ओरखडा उमटू दिला नव्हता. आता मधली कड ते सावकाश घासून आत घेतात, जरा जरा, अंगठ्याने चाचपत. कुसुमबाई चहाचा कप धरून तशाच उभ्या राहतात. या माणसाला स्वतःचा फलाट घासताना बघायची वेळ येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. प्लास्टर पांढरंफटक उघडं पडतं. वामनराव आपला काळा तळवा त्या कडेवर दाबून फिरवतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पांढरं जातं. काळं तिथे असं बसतं की नवं कुठलं आणि जुनं कुठलं, कळू नये. मग ते एका बोटाने डबा ढकलतात. डबा वळतो, पोट आत येतं, आणि पायरी केसभर अंतर ठेवून पुढे निघून जाते.

पाच वाजता वच्छलावहिनी येतात. दारातच चपला काढतात, देवळात आल्यासारख्या. वामनराव बटण दाबतात. छोटं इंजिन डबा घेऊन निघतं, पाण्याच्या टाकीला वळसा घालतं, निंबखेड्याला येतं, न घासता जातं, पुन्हा येतं. वहिनींची नजर डब्याबरोबर फिरत राहते. तिसऱ्या फेरीला वामनराव गाडी फलाटावर थांबवतात.

"भाऊजी, हात लावला तं चालंन का?"

"लावा ना."

वहिनी वाकतात. डब्याला हात लावायला घाबरतात, म्हणून त्याच्याजवळ फलाटाच्या कडेवर एक बोट टेकतात. बोट काळं होतं. त्या ते पदराला पुसायला जातात, थांबतात, आणि नाकाशी नेतात.

"हा तं त्यांच्या कारखान्याच्या खाकी कपड्यांचा वास हाये," त्या म्हणतात. "पस्तीस वर्षं धुतले मी. कुठून आणला, भाऊजी?"