दोन जायफळांचं त्रैराशिक

माझ्या नवऱ्याला बोट लागायची. कोळ्याच्या पोराला! ठाण्याच्या खाडीत तो लहानाचा मोठा झाला, तिथे कधी काही झालं नाही. पण खाडीतली मासळी रोडावली आणि माझ्या चुलतसासऱ्यांनी त्याला आपल्या मचव्यावर बाहेरच्या दर्यात न्यायला घेतलं. ते मचव्याचे तांडेल. मालक तेच, हुकूमही त्यांचाच. पहिल्या दोन्ही खेपांना नवरा जाळ्याला हात न लावता कडेला ओकत पडला. तांडेल आमच्या दारात येऊन म्हणाले, "तिसऱ्यांदा आडवा झालास तं दुसरा गडी बघीन. पुतन्या असलास तरी!"

दुसरा गडी म्हणजे आमची चूल थंड. सासू म्हणाली, उपाशी जा. जावेने सुंठ दिली. मी चौथी पास. त्या दोघींपेक्षा आपलं डोकं जास्त चालतं, अशी माझी पक्की समजूत.

आमचं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं. दूध ओकू लागलं की त्याच्या गुटीत जायफळाचा एक वेढा घालायचा, म्हणजे सहाणेवर एकदाच गोल फिरवायचं. ओकणं थांबे आणि पोर गाढ झोपे. ओकणं थांबतं एवढं मी लक्षात ठेवलं. झोपेचं शहाणीने सोडून दिलं.

मग त्रैराशिक मांडलं. बाळाला मासळीच्या तराजूत घालून तोललं. नवरा तराजूत मावेना, म्हणून तो बारा बाळांएवढा धरला. उत्तर आलं बारा वेढे. उगाळून बघते तर बोटाला पुसण्याएवढंच! एवढ्याशाने दर्या कसा आवरणार? शाळेत माझं गणित पहिलं यायचं, पण आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवायला कुणी शिकवलं नव्हतं. मी अख्खी दोन जायफळं उगाळून संपवली, गुळात वळली आणि निघताना नवऱ्याला दिली.

"काय हाय गो यात?"

"सुंठ. गिळ मुकाट."

त्या खेपेला तो एकदाही ओकला नाही. पण दुपारी जाळं ओढताना त्याचे डोळे लाल झाले, जीभ जड झाली, मान कलंडू लागली आणि हातातला दोर सुटला. सुटलेला दोर तांडेलांच्या उजव्या हाताभोवती आवळला. तीन बोटं गेली.

मचवा धक्क्याला लागला तेव्हा अख्खा कोळीवाडा जमला होता. तांडेलांच्या हाताला गुंडाळलेला रुमाल रक्ताने थबथबला होता. ते एवढंच म्हणाले, "बोट नाय लागली त्याला. पिऊन आलता."

दारूबंदीचे दिवस होते. सासूने सगळ्यांदेखत नवऱ्याच्या थोबाडीत मारली. "बोल ना रं! कुठं प्यालास?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी जावेच्या मागे उभी होते, कडेवर बाळ. एक वाक्य पुरलं असतं. एरवी माझी जीभ धक्क्यावरच्या बायकांना पुरून उरायची. त्या दिवशी मी बाळाचं टोपरं नीट करत राहिले. जणू ते टोपरं वाकडं असल्यामुळेच सगळं घडलं होतं!

"प्यालो," नवरा म्हणाला.

त्यानंतर एकाही मचव्याने त्याला घेतलं नाही. तो कारखान्यात रंगाच्या हौदावर लागला आणि तिथेच म्हातारा झाला. आयुष्यात त्याने दारूचा थेंब चाखला नाही, पण कोळीवाड्यात 'बेवडा' हीच त्याची ओळख राहिली. घरात त्याने हा विषय एकदाच काढला, तोही पुष्कळ वर्षांनी, अंथरुणाला खिळल्यावर.

"जायफळ होतं ना गो? किती?"

"दोन."

"मला वाटलं, एक असंल," म्हणाला आणि कुशीवर वळला.

तांडेलांना मात्र मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांना सुकाणू धरता येईना, मचवा विकावा लागला. जेवायचे डाव्या हाताने. मासळीचे काटे काढून द्यायला मी रोज त्यांच्या घरी जायचे. "पुतन्या वाया गेला," ते आल्यागेल्याला सांगायचे, "पन सून लई गुनाची."

मी मान खाली घालून काटे काढायचे.