जासईची खांड आणि हिराजीची गाडी

मी लष्कराच्या ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेइकल मेकॅनिक होतो. चोवीस वर्षांची सर्व्हिस, हवालदार म्हणून रिटायर. गाव सातारा जिल्ह्यात, आता राहायला नेरूळला. फील्डचं शेवटचं पोस्टिंग उत्तर सिक्कीममध्ये, एका लहान वर्कशॉप डिटॅचमेंटवर होतं.

सिव्हिलियन लोकांना वाटतं, फौजेत रोज गोळीबार असतो. आमची लढाई सकाळी चारला सुरू व्हायची, गाड्या स्टार्ट करण्याची. थंडीनं डिझेल घट्ट व्हायचं, बॅटऱ्या बसायच्या. पाचला पहिली गाडी निघालीच पाहिजे. ती गाडी बहुतेक नाईक हिराजी घरत चालवायचा. तो उरणजवळच्या जासईचा. आमच्या उस्तादांचा हुकूम होता : आधी करंट, मग तेल, मग हवा. क्रम मोडायचा नाही.

हिराजी त्याच पोस्टिंगवर अपघातात गेला. त्याला आता पंधरा वर्षं झाली. दर सर्वपित्री अमावस्येला मी जासईला त्याच्या घरी जेवायला जातो. त्याची बायको, सुमन वहिनी, त्यानं रजेवर असताना घेतलेला जुना डिझेल पिकअप स्वतः चालवते. गावातला भाजीपाला उरणच्या बाजारात पोचवते.

गेल्या अमावस्येला मी साडेदहाला पोचलो. स्कूटर लावली, पाणी प्यालो. अकरा पाचला वहिनीचा फोन वाजला. तिचा दीर नारायण बांधावरून बोलत होता.

"खांड गेली." म्हणजे खाडीकडचा बांध फुटला.

मी फोन घेतला. "केवढी?"

"दोन मानसं आरवी मावतील येवढी. पानी अजून खाली हाय."

"भरती कधी?"

"बारा चालीसला. उधानाची."

मी घाटावरचा माणूस, तरी याचा अर्थ कळला. आतल्या बाजूला भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. खारं पाणी शिरलं की हे पीक जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन काही देत नाही. आजूबाजूची बरीच शेतं कंटेनर यार्डात गेली आहेत. उरली आहेत ती थोडी, म्हणून लोक जिवापाड जपतात.

मातीनं भरलेल्या गोण्या पावसाळ्यापासून वहिनीच्या अंगणातच रचलेल्या होत्या. बांधाची वाट अरुंद, डंपर तिथे रुतला असता. गावातले बाकीचे टेम्पो कामावर गेलेले. आठ-दहा जण धावत आले. पंधरा मिनिटांत चाळीस गोण्या पिकअपमध्ये चढल्या. वहिनी स्टिअरिंगवर बसली, चावी फिरवली.

टक. डॅशबोर्डचे दिवे विझले.

"भावजी, गारी चालू होत नाय. काल बरी होती."

"बोनेट उघडा."

कोणीतरी म्हणालं, "धक्का मारूया."

"भरलेली गाडी, चिखलात? नाही. दहा मिनिटं द्या."

अकरा पंचवीस. स्कूटरच्या डिकीत माझे पाने कायम असतात. आधी करंट. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी जमली होती. काढली, खरवडली, आवळली. पुन्हा तीच टक. पण आता दिवे पूर्ण विझले नाहीत. बॅटरीत जीव होता, करंटचा रस्ता कुठेतरी तुटला होता. गाडीखाली आडवा झालो. इंजिनपासून चासीला जाणारी अर्थची पट्टी खाऱ्या हवेनं कुजून दोन-चार तारांवर आली होती.

"सीटमागे जंपर केबल आहे?"

"हाय."

केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला लावलं.

"मारा."

स्टार्टर फिरला. जमलेले लोक पुढे सरकले. इंजिन गरागरा फिरत राहिलं, पण पकडेना. सायलेन्सरमधून धुराचा टिपूस नाही. धूर नाही म्हणजे डिझेल पोचत नाही.

"थांबा. बॅटरी संपेल."

अकरा अडतीस. फोन आला. नारायण म्हणाला, "पानी खांडीच्या तोंडाला लागलं."

मी म्हणालो, "सात मिनिटं."

हे कशाच्या जोरावर बोललो, ते मला माहीत नव्हतं. खरं सांगतो, मला भीती वाटत नव्हती. छातीत काहीतरी जोरात धावत होतं. इतकं जिवंत मला रिटायरमेंटनंतर कधी वाटलं नव्हतं.

फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप दाबला. डिझेलऐवजी फेस आला. लाइन हवा ओढत होती. टाकीकडून येणारा रबरी पाइप बोटांनी चाचपत गेलो. क्लिपजवळ बारीक चीर सापडली. वहिनीनं घरातून विळी आणली. चिरलेलं टोक दोन बोटं कापलं, पाइप पुन्हा चढवून क्लिप आवळली. पंप दाबत राहिलो. फेस, फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. स्क्रू बंद केला.

"मारा."

इंजिन दोनदा खोकलं, पांढरा धूर ओकलं आणि पेटलं. अकरा सत्तेचाळीस. मी वेळेपेक्षा दोन मिनिटं उशीर केला होता.

 वहिनीनं गियर टाकला. मी चालत्या गाडीत शेजारी चढलो. बांधावर दोन्ही चाकांच्या बाहेर हातभर जागा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भात. ती दुसऱ्या गियरवर, एकदाही न थांबता गेली. बाराला आम्ही खांडीवर होतो. पाणी घोट्याएवढं आत येत होतं. रांग लागली, हातोहात गोण्या पडू लागल्या. मीही कंबरभर चिखलात. बारा चाळीसला भरती पूर्ण झाली. पाणी गोण्यांच्या वरच्या थराशी आलं, दहा मिनिटं तिथेच डुचमळलं आणि उतरू लागलं. नारायण मटकन चिखलात बसला आणि हसत सुटला. मग सगळेच हसले.

पानं मांडायला तीन वाजले. हिराजीचं पान वाढून झालं. अंगणात आम्ही दोघंच होतो.

"भावजी, येक विचारू? त्या दिवशी त्यांच्या गारीला काय झालतं? कागदावर नुसतं अपघात लिवलंय."

पंधरा वर्षांत तिनं विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

"गाडीला काही झालं नव्हतं, वहिनी. पहाटे मीच तपासली होती. रस्त्याची कड ढासळली. मागचं एक चाक दरीवर लटकलं, गाडी मागे सरकायला लागली. हिराजी ओरडला, 'उतरा.' त्यानं ब्रेकवरचा पाय काढला नाही. काढला असता तर तो वाचला असता. मागे अकरा जण होते, सगळे उतरले. मग कड पूर्ण गेली."

तिनं हिराजीच्या पानावर अजून थोडा भात वाढला.

"त्या अकरांतलं कोनी तुमाला ठावं हाय?"

"सगळे ठाऊक आहेत," मी म्हणालो. "शेवटी उतरला तो मी."