केशोरीपलीकडच्या जंगलात वायरलेसची तार

मी नागपूरहून निघताना साहेबांनी बजावलं, "तीन दिवसांत केशोरीच्या चौकीचा आवाज इथे आला नाही, तर सगळं सामान बांधून परत आणायचं. हवामान केंद्र दुसरीकडे नेऊ." स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती आणि वायरलेस मेकॅनिक म्हणून माझी ही पहिलीच एकट्याची कामगिरी.

गोंदियाला छोटी गाडी बदलताना हमालानं विचारलं, "बाबूजी, इन डिब्बों में क्या है?"

"बारिश की खबर देनेवाली मशीन."

त्यानं डोक्यावरचं खोकं फार जपून उतरवलं.

अर्जुनीला उतरलो. पुढे त्या चौकीवर राहणाऱ्या मनसारामची बैलबंडी. बॅटऱ्यांतलं तेजाब सांडू नये म्हणून त्या मांडीवर घेऊन बसलो. तिथल्याच एका प्रतापगडाचा डोंगर बराच वेळ सोबत होता. तिकडे जाणार असाल तर पावसाळ्याआधी जा. नंतर त्या वाटेवर चाक रुततं. केशोरीला उरकुडा गुरुजींनी भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढलं. पाऊस मोजून रोज कळवायचं काम त्यांच्याकडे होतं. "केंद्र गेलं तं मंग आमच्याकडचा पाऊस कोणी लिहिन जी?" ते म्हणाले.

पुढल्या दिवशी गुरुजींना घेऊन जंगलातल्या टिनाच्या चौकीवर पोचलो. मनसारामनं सागाच्या झाडावर चढून तारेचं एक टोक बांधलं, दुसरं मी चौकीच्या खांबाला. वीज नव्हतीच, बॅटऱ्या भरायला हाताने फिरवायचं जनित्र. पाच मिनिटांत माझे खांदे भरून आले. मनसारामची बायको सगुणाबाई बघत होती. म्हणाली, "सरका बाबू." तिनं अर्धा तास मूठ फिरवली, वर नवऱ्याला स्वयंपाकाच्या सूचनाही दिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला नागपूरला हाक मारायची होती. यंत्र लावलं. शांतता. पुन्हा तपासलं. बॅटरी भरलेली, जोडण्या घट्ट. साडेआठ झाले. गुरुजी बाहेर गेले आणि तिथूनच म्हणाले, "बाबू, या जरा."

तारेवर सगुणाबाईचं ओलं नऊवारी लुगडं वाळत होतं. त्याच्या भारानं तार वाकून टिनावर टेकली होती, आवाज तिथेच जमिनीत जिरत होता.

"तार बांधली तं कायले बांधली मंग?" तिनं विचारलं.

लुगडं काढलं, तार ताणली, आणि सगुणाबाईला वेगळी दोरी बांधून दिली. पावणेनऊला नागपूर बोललं. गुरुजींनी टोपी सारखी केली आणि पाऊस शून्य असल्याचं सांगितलं, पोरांना पाढा सांगावा तसं, दोनदा.

नागपूरला परतल्यावर माझं काम संपलं होतं. तरी मी रोज आठच्या आधी कचेरीत जाऊन संदेश घेणाऱ्याच्या मागे उभा राहू लागलो. एके सकाळी बायकोनं दारात अडवलं.

"दहाची कचेरी, एवढ्या लवकर कुठे?"

"केशोरीकडे पाऊस झाला का, ते ऐकायला."

तिच्या हातात वाळत घालायच्या पापडांचं सूप होतं. तिनं आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इथं येणार आहे का, तेवढं विचारून या."